मार्चचा हवामान अंदाज: देशाच्या नकाशावरून आपल्या अंगणापर्यंत कसं उतरायचं

फेब्रुवारी सरता सरता पुण्यात दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक शिरूर-दौंडकडचा: हरभरा उपटून पडलाय, मळणी उद्या घालू की परवा? दुसरा शहरातला: लॉनवर रिसेप्शन आहे, मांडववाल्याला ताडपत्री सांगून ठेवू का? विचारणाऱ्याने अंदाज पाहिलेला असतोच. फोनवरचं ढगाचं चित्र पाहिलेलं असतं, टीव्हीवरची ‘राज्यावर अवकाळीचं सावट’ ही पट्टी वाचलेली असते आणि भावकीच्या ग्रुपवर आलेला लाल-पिवळा नकाशाही पाहिलेला असतो. तिघांचं तीन तऱ्हेचं सांगणं, म्हणून फोन.

‘वेधशाळेचा अंदाज चुकला’ या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी वाचण्याच्या क्रमातून येतात. आपण फोनवरच्या चित्रापासून सुरुवात करतो आणि देशाच्या पत्रकापर्यंत पोचतच नाही. क्रम उलटा हवा: आधी देश, मग उपविभाग, मग जिल्हा, आणि शेवटी आपल्या डोक्यावरचं आभाळ. मार्चमध्ये हे जास्तच लागू, कारण या महिन्यात पुण्यावर पडणाऱ्या पावसाची जुळवाजुळव अनेकदा काश्मीर, राजस्थान आणि बंगालच्या उपसागरात होत असते.

पुढे सगळं फक्त तीन दिवसांपर्यंतच्या अंदाजाबद्दल आहे. हवामान विभागाच्या भाषेत अल्प पल्ला म्हणजे ७२ तासांपर्यंत. त्यापुढे साधारण दहा दिवसांपर्यंत मध्यम पल्ला. गुरुवारी येणारा विस्तारित अंदाज आठवड्यांच्या हिशेबात बोलतो. त्यावरून मुहूर्ताची संध्याकाळ ठरवू नये.

१. अंदाज उघडण्याआधी: कागदावर तीन ओळी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे तिथेच अडकतात.

पहिली ओळ: काम काय आणि किती ते किती. ‘शनिवारी’ एवढ्याने भागत नाही. ‘शनिवारी संध्याकाळी ६ ते ११’ असं लिहा. मार्चमधला गडगडाटी पाऊस बहुधा दुपारनंतर उठतो, तीन ते आठच्या दरम्यान सर्वांत जास्त. सकाळी नऊच्या मुंजीला आणि संध्याकाळी सातच्या रिसेप्शनला एकाच दिवशी एकच धोका नसतो.

दुसरी ओळ: काम नेमकं कशाने बिघडेल. मांडवाला पावसापेक्षा वारा वाईट. पाण्याने कापड भिजतं, वाऱ्याने खांब उपटतात. नारायणगाव-जुन्नरकडच्या द्राक्षबागेत काढणीला आलेल्या मालाला गारेचा एक तडाखा पुरतो. सांगली-तासगावात रॅकवर वाळणाऱ्या बेदाण्याला अडीच मिलिमीटर पाऊस म्हणजे नुकसान, आणि हवामान विभागाच्या कोष्टकात तोच अडीच मिलिमीटर ‘हलका पाऊस’ या रकान्यात बसतो. सिंहगडावर निघालेल्यांना पाऊस परवडेल, वीज परवडणार नाही.

तिसरी ओळ: निर्णय शेवटी कधीपर्यंत फिरवता येईल. ताडपत्री आदल्या रात्री सांगावी लागते की दुपारी चारलाही मिळते? मळणी यंत्राची पाळी सोडली तर पुन्हा किती दिवसांनी? या उत्तरावर कोणता अंदाज कधी पाहायचा ते ठरतं.

पावसाचे आकडे डोळ्यांपुढे आणायचे तर: १ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरावर सुमारे ४,००० लिटर.

> तपासा: तीन ओळी लिहून झाल्या का? ‘पाऊस येईल का?’ एवढाच प्रश्न हातात असेल तर पुढचं सगळं वाचूनही गोंधळच होईल.

हाताशी ठेवायची साधनं मोजकी: हवामान विभागाचं संकेतस्थळ, ‘मौसम’ अ‍ॅप, विजेसाठी ‘दामिनी’ आणि शेती असेल तर ‘मेघदूत’. आणखी पाच अ‍ॅप उतरवून घेतल्याने अंदाज पाचपट पक्का होत नाही.

२. तारीख, वेळ आणि साडेआठचा घोळ

कोणतंही पत्रक, नकाशा किंवा फॉरवर्ड हातात आला की आधी कोपरा पाहायचा. कोणत्या तारखेचा, किती वाजता काढलेला. देशाचं पत्रक दिवसातून अनेकदा निघतं आणि सकाळचं पत्रक रात्रीपर्यंत शिळं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तर गेल्या वर्षीच्या मार्चमधले गारपिटीचे नकाशे दर वर्षी नव्याने फिरतात. तारीख कापलेली असेल तर तो नकाशा नाही, अफवा आहे. पुढे पाठवू नका.

दुसरी गोम जास्त महत्त्वाची. हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी साडेआठला बदलतो. ‘पहिला दिवस’ म्हणजे पत्रक निघाल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० पर्यंत. ‘दुसरा दिवस’ तिथून पुढचे २४ तास. शुक्रवारी दुपारी निघालेल्या पत्रकात शनिवारचं रिसेप्शन ‘दुसऱ्या दिवसात’ येतं. शनिवारी पहाटे पाचला निघायचा ट्रेक मात्र ‘पहिल्या दिवसात’ मोडतो. इथे चुकलं की पुढचं सगळं बरोबर वाचूनही उत्तर चुकतं.

तिसरं, उपग्रहाच्या आणि मॉडेलच्या (संगणकावर हवामानाचं गणित मांडणाऱ्या प्रणालीच्या) चित्रांवर वेळ बहुतेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. त्यात साडेपाच तास मिळवा. चित्रावर ०९:०० असेल तर ते दुपारी अडीचचं. सकाळचं आभाळ समजून दुपारचे ढग पाहणारे पुष्कळ असतात.

३. देशाचं पत्रक: चार ठिकाणी बोट ठेवा

अखिल भारतीय पत्रक लांबलचक असतं आणि इंग्रजी वाचून माणूस दमतो. सगळं वाचायची गरज नाही. मार्चमध्ये चार गोष्टी शोधायच्या, याच क्रमाने.

*(क) वायव्य कोपरा: पश्चिमी चक्रावात कुठे आहे?* बातम्यांत यालाच विक्षोभ किंवा झंझावात म्हणतात. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे पूर्वेला सरकत येणारी ही प्रणाली. आधी जम्मू-काश्मीर, मग हिमाचल, मग उत्तराखंड असा तिचा पाऊस-बर्फ सरकतो. पुण्याला तिचा थेट पाऊस मिळत नाही. तिची पन्हळ (वरच्या थरातल्या वाऱ्यांचा दक्षिणेकडे झुकलेला बाक) कधी दक्षिणेकडे खोल उतरते आणि मध्य भारतावर वरच्या थरात थंड हवा आणते. खाली मार्चचं तापलेलं रान, वर थंड हवा. गारेला लागतं ते हेच.

*(ख) राजस्थान-गुजरातवर चक्राकार वारे आहेत का?* पश्चिमी चक्रावाताच्या प्रभावाने तिथे खालच्या थरात चक्राकार वाऱ्यांची स्थिती तयार झाली असेल, तर परिणाम डोंगरांपुरता राहत नाही, मैदानात उतरतो.

*(ग) मध्य भारतातून दक्षिणेला जाणारा पट्टा.* पत्रकात ‘विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे केरळपर्यंत हवेच्या कमी दाबाचा पट्टा’ किंवा ‘वाऱ्यांची खंडितता’ अशा अर्थाचं वाक्य असतं. आपल्यासाठी सर्वांत कामाचं वाक्य हेच. या रेषेवर दोन बाजूंचे वारे भेटतात आणि हवा वर ढकलली जाते. रेषा विदर्भाकडे असेल तर पाऊस तिकडे. मराठवाडा-मध्य महाराष्ट्रावर सरकली की आपली पाळी.

*(घ) बाष्प कुठून येतंय?* पट्टा आहे पण हवा कोरडी आहे, तर नुसते ढग आणि उकाडा. बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प खेचलं जात असल्याचा उल्लेख शोधा. घरबसल्या खूण हवी असेल तर पहाटेचं किमान तापमान पाहा. मार्चच्या पूर्वार्धात पुण्यात कोरड्या हवेत रात्री सुखद गार असतात, शिवाजीनगरला पारा पंधराच्या आसपास. दोन दिवसांत रात्र एकदम चिकट झाली, किमान चार-पाच अंशांनी चढलं, तर बाष्प पोचलंय.

चारपैकी एकच गोष्ट हजर असेल तर मळणी थांबवू नये. (ग) आणि (घ) जुळले तर दुपारनंतरच्या गडगडाटाची तयारी. त्यात (क)ची पन्हळही खोल उतरलेली असेल तर गारेचा विचार करायचा. २०१४ साली फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राला झोडपणारी गारपीट आठवत असेल. तेव्हा उत्तरेची थंड हवा आणि समुद्राकडचं बाष्प राज्यावर पुन्हा पुन्हा भेटत राहिलं होतं.

> सावध: ‘पश्चिमी चक्रावात सक्रिय’ एवढ्यावरून पुण्यात पाऊस, असं गणित मांडू नका. मार्चमध्ये असे चक्रावात एकामागोमाग येत राहतात आणि त्यांतले बरेचसे उत्तरेतूनच निघून जातात. बातमीच्या मथळ्यात हा फरक कधीच नसतो.

४. उपविभागाचं वाक्य सोडवणं

हवामान विभागाने देशाचे ३६ उपविभाग केलेत. महाराष्ट्राच्या वाट्याला चार: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. पुणे मध्य महाराष्ट्रात, आणि मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे. हे आधी पक्कं करा, कारण पुढची गफलत इथेच होते.

नमुन्याचं वाक्य घेऊ:

*‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम स्वरूपाचा पाऊस, ताशी ३० ते ४० किमी वेगाने सोसाट्याचा वारा, शक्यता बरीच.’*

यात चार वेगवेगळी मापं आहेत.

‘तुरळक ठिकाणी’ हे पसाऱ्याचं माप. उपविभागातल्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ त्याहून जास्त. मार्चमध्ये मध्य महाराष्ट्रासाठी जवळजवळ नेहमी पहिलाच शब्द असतो, फार तर दुसरा.

‘हलका ते मध्यम’ हे प्रमाणाचं माप, २४ तासांतलं. हलका म्हणजे २.५ ते १५.५ मिमी, मध्यम १५.६ ते ६४.४ मिमी. ‘मुसळधार’ची पायरी ६४.५ मिमीला सुरू होते. म्हणजे ‘मध्यम’ पाऊससुद्धा लॉनचा चिखल करून कापून ठेवलेला गहू वाहून नेऊ शकतो.

‘शक्यता’ हे खात्रीचं माप. मराठी बातमीत हा शब्द कसाही येतो, म्हणून इंग्रजी पत्रकातला मूळ शब्द पाहावा. नुसतं ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५, ‘मोस्ट लाइकली’ ७५ च्या वर.

वाऱ्याचा वेग हे चौथं माप. लग्नवाल्यांनी खरं तर याच्यापासूनच वाचायला सुरुवात करावी. ३०-४० ला कमान आणि झालरी सांभाळा. ५०-६० लिहिलं असेल तर मोठा मांडव घालण्याआधी दोनदा विचार करा आणि होर्डिंगखाली गाड्या लावू नका.

आता जोडा. ‘तुरळक ठिकाणी, व्हेरी लाइकली’ याचा अर्थ: दहा जिल्ह्यांत *कुठेतरी* पाऊस पडेल याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. तुमच्या लॉनवर पडेल याची शक्यता त्याहून खूप कमी. वाचणारा मात्र ‘बरीच शक्यता’ एवढंच उचलतो आणि ती आपल्या गच्चीला लावतो. मग पाऊस फलटणला पडतो, पुण्यात ऊन पडतं आणि शिव्या वेधशाळा खाते.

> तपासा: वाक्यातली चारही मापं वेगवेगळी लिहून काढली का? एखादं माप दिलेलं नसेल तर रकाना मोकळा सोडा, मनाने भरू नका.

५. जिल्ह्याचा रंग

हिरवा: इशारा नाही. पिवळा: लक्ष ठेवा. नारिंगी: तयारीत राहा. लाल: कृती करा. एवढं सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते पुढे.

रंग पावसाच्या प्रमाणाचा नसतो. घटना घडण्याची शक्यता आणि तिचा परिणाम मिळून तो ठरतो. मार्चमधला पिवळा बहुधा विजांसाठी आणि वाऱ्यासाठी असतो. पाऊस दोन मिलिमीटरही नसेल. जुलैतला पिवळा वेगळा. रंगावर बोट ठेवा आणि त्याच्याबरोबरचं चिन्ह व मजकूर वाचा: वीज, वारा, गारा की उष्णता?

दुसरं, हिरवा म्हणजे ‘पाऊस नाही’ असं नव्हे. इशारा देण्याजोगं काही नाही, एवढंच. शिडकावा हिरव्यातही होतो आणि बेदाण्याला तोही चालत नाही.

तिसरं, पुणे जिल्हा केवढा? भोरच्या घाटापासून इंदापूरच्या उजनीकाठापर्यंत. विभाग कधी कधी ‘पुणे’ आणि ‘पुणे घाटमाथा’ अशा दोन ओळी देतो. तुमची कोणती ते पाहा. शेतकऱ्यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला जास्त उपयोगी, कारण त्यात पिकाचं कामही सांगितलेलं असतं.

६. तापमानाची ओळ

मार्च म्हणजे नुसता अवकाळी नव्हे. सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबाने २०२२ चा मार्च देशासाठी १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि उत्तरेत दाणे भरत असलेला गहू होरपळला. त्यामुळे तापमानाची ओळ ‘उकाडा वाढणार’ म्हणून सोडून देऊ नका.

‘पुढील तीन दिवसांत कमाल तापमानात २ ते ३ अंशांची वाढ’ हे वाक्य लोक रोज दोन-तीन अंश असं वाचतात आणि तिसऱ्या दिवशी ४५ मोजून घाबरतात. ती वाढ तीन दिवस मिळून आहे.

‘सरासरीपेक्षा ३ अंशांनी अधिक’ हे वेगळं वाक्य. पुण्याचं मार्चचं कमाल पस्तिशीच्या आसपास, म्हणजे अडतीस. तापदायक खरं, पण ती उष्णतेची लाट नव्हे. लाटेसाठी मैदानी केंद्रावर कमाल किमान ४० अंश हवं *आणि* सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त हवं. किंवा सरासरी काहीही असो, ४५ गाठायला हवं. किनारपट्टीला अट ३७ ची, डोंगराळ भागात ३० ची. म्हणून मार्चमध्ये मुंबईत लाट जाहीर होते आणि तेवढ्याच आकड्याला पुण्यात होत नाही. यात पक्षपात नाही.

हे आकडे सावलीतल्या, वारा खेळता असलेल्या पेटीतले. डांबरी रस्त्यावर, पत्र्याखाली किंवा मळणी यंत्राशेजारी उभं राहणाऱ्याला त्यात स्वतःची भर घालावी लागते.

शहरातल्या शहरात फरक किती? पहाटेच्या किमानात पाषाण-एनडीएकडे एक आकडा आणि मगरपट्टा-वडगाव शेरीकडे चांगलाच चढा आकडा, हे नेहमीचं. ‘पुण्याचं तापमान’ म्हणून बातमीत येतं ते सहसा शिवाजीनगरचं. तुमच्या जवळचं केंद्र कोणतं ते एकदा शोधून ठेवा.

७. आता फोनवरचं चित्र

पाहायला हरकत नाही, पण इथवर आल्यानंतर. बहुतेक खाजगी अ‍ॅप जागतिक मॉडेलचे आकडे दाखवतात. ही मॉडेल पृथ्वी चौकटींत मोजतात. एकेक चौकट कित्येक किलोमीटर रुंद. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये कामाला लागलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरपर्यंत खाली आली, हे मोठं पाऊल. पण मार्चचा एक गडगडाटी ढग तेवढाच रुंद असू शकतो. कात्रजला धो धो आणि स्वारगेटला कोरडं, हे कोणतंही मॉडेल आदल्या दिवशी सांगत नाही.

मॉडेलची मुख्य गणितं भारतीय वेळेनुसार पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर सुरू होतात आणि निकाल यायला काही तास जातात. सकाळी आठला दिसणारं चित्र आदल्या संध्याकाळच्या गणिताचं असू शकतं. दर दहा मिनिटांनी अ‍ॅप उघडून काही नवं हाती लागत नाही.

ढगाखाली वीज असं एकच चित्र पूर्ण दिवसासाठी दिसत असेल तर ते सहसा दिवसातल्या वाईटात वाईट तासाचं असतं. तासवार रकाना उघडा आणि पहिल्या ओळीत लिहिलेल्या वेळेशी ताडा.

> सावध: तीन अ‍ॅप तीन गोष्टी सांगत असतील तर सोयीचं निवडू नका. तिन्हींचं न जुळणं हाच निरोप समजा: परिस्थिती काठावर आहे, निर्णय शक्य तितका उशिरा घ्या.

८. प्रत्यक्ष दिवस: दुपारी बारापासून

इथून अंदाज संपतो आणि पहारा सुरू होतो. तिसऱ्या ओळीत लिहिलेली शेवटची वेळ समोर ठेवा.

*बारा वाजता: आभाळ.* सकाळी निरभ्र, अकरा-बारापासून कापसासारखे ढग, तळ सपाट आणि माथे वर वर चढत जाणारे: लक्ष ठेवा. माथे जागच्या जागी विरघळत असतील तर वर कोरडी हवा आहे, बहुधा काही होत नाही. सकाळपासूनच दाट आच्छादन असेल तर जमीन तापत नाही आणि जोरदार गडगडाटाची शक्यता अनेकदा कमी होते. ढगाळ सकाळ पाहून घाबरणं आणि लख्ख सकाळ पाहून निर्धास्त होणं, दोन्ही चुका.

*एक ते तीन: उपग्रह.* इन्सॅटची चित्रं अर्ध्या तासाने येतात. इथे एक सापळा आहे. अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) चित्रात जे थंड ते पांढरंशुभ्र दिसतं, आणि पश्चिमी चक्रावाताबरोबर येणारे खूप उंचावरचे पातळ ढगही थंडच असतात. टीव्हीवर महाराष्ट्र पांढराफटक दिसतो, खाली मात्र ऊन पडलेलं असतं. म्हणून दृश्य प्रकाशातलं चित्र शेजारी ठेवा. पातळ ढगांतून जमीन दिसते. गडगडाटी ढग घट्ट, कडा रेखीव आणि उकळल्यासारखा. एकाच चित्रावर थांबू नका. तीन चित्रं ओळीने पाहा: ठिपका वाढतोय का, आणि कोणत्या दिशेने सरकतोय?

पुणेकर पावसाची वाट पश्चिमेकडे पाहतात, कारण मान्सूनची सवय. मार्च-एप्रिलमध्ये ढग अनेकदा सासवड-दिवेघाटाकडून किंवा शिरूर-नगर रस्त्याच्या अंगाने चढतात. पश्चिमेची बाल्कनी असेल तर गच्चीवर जाऊन पाहा.

*तीननंतर: रडार आणि नाउकास्ट.* नाउकास्ट म्हणजे पुढच्या तीन तासांपुरता इशारा. काढल्याची वेळ पाहा. संध्याकाळी सातला दुपारी चारचा नाउकास्ट वाचणं निरर्थक. मुंबईच्या रडारवर पुणे पाहताना लक्षात ठेवा की रडारचा किरण सह्याद्री ओलांडून इथवर येईपर्यंत बराच उंच गेलेला असतो. उंच वादळी ढग त्यात सापडतो, बुटका ढग आणि भुरभूर सुटू शकते. रंगपट्टीवर डीबीझेडचा (ढगावरून परत येणाऱ्या लहरींच्या जोराचा) आकडा ५० च्या पुढे गेला की गारेची शंका घ्यायची.

*वीज.* ‘दामिनी’ जवळपासच्या विजा दाखवतं. ठिकाण आणि बॅटरी-बचत या दोन सेटिंग आधीच तपासा, नाहीतर सूचना येतच नाही. अ‍ॅप नसेल तर मोजा: लखलखाट ते गडगडाट, दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली, मांडवाच्या लोखंडी खांबाला टेकून किंवा द्राक्षाच्या मांडवाच्या तारांजवळ थांबू नका.

> तपासा: अचानक गार वारा सुटला, धूळ उठली, पण डोक्यावर पाऊस नाही? जवळच्या ढगातून थंड हवा खाली आदळून पसरते आहे. मांडवाकडे ताबडतोब माणसं पाठवा. वाऱ्याचा सर्वांत मोठा झोत पावसाच्या आधी येतो.

पुण्याबाहेर निघालेल्यांसाठी

शाळांच्या परीक्षा संपल्या की मंडळी हिमाचल-काश्मीरकडे निघतात आणि पुण्याच्या सवयीने अंदाज वाचतात. तिकडे क्रम तोच, भर वेगळा. फक्त (क) पाहा: चक्रावात कोणत्या दिवशी येतो आणि कोणत्या दिवशी पुढे जातो. श्रीनगरचा पाऊस आणि मनालीचा पाऊस एकाच दिवशी सुरू होईलच असं नाही. प्रणाली पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, तेवढा हिशेब ठेवा. ती पुढे सरकल्यावर आभाळ मोकळं होतं आणि रात्र जास्त गारठते. ‘ऊन पडलं’ म्हणून स्वेटर बॅगेत कोंबू नका.

कोलकाता किंवा गुवाहाटीला निघाला असाल तर दुपारनंतरचं कालबैसाखीचं वादळ. तिथे ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ हे शब्द मार्चमध्येही सर्रास येतात आणि त्यांना आपल्या ‘तुरळक’पेक्षा जास्त वजन द्यायचं. संध्याकाळच्या विमानापेक्षा सकाळचं बरं.

९. दुसऱ्या सकाळी साडेआठला

पडताळणी केली नाही तर पुढच्या वेळीही तोच गोंधळ. केंद्रांची पावसाची नोंद सकाळी ८:३० ला होते आणि ती त्या सकाळच्या तारखेला लागते. शनिवारी संध्याकाळी सहाला पडलेला पाऊस रविवारच्या नोंदीत सापडेल. शनिवारचा आकडा शून्य पाहून ‘नोंदच केली नाही’ म्हणणारे दर वर्षी भेटतात.

शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव यांचे आकडे शेजारी लिहा. एकाला बारा आणि दुसऱ्याला शून्य, असं मार्चमध्ये सहज घडतं. मग आदल्या दिवशीचं ‘तुरळक ठिकाणी’ पुन्हा वाचा आणि चार गोष्टी एकेक करून तपासा: पसारा जमला का, प्रमाण जमलं का, वेळ जमली का, वारा जमला का. चारपैकी नेमकी कोणती हुकली, ते वहीत तारखेपुढे लिहा. गच्चीवर सरळ कडांचा, सपाट तळाचा डबा ठेवून पट्टीने पाणी मोजलं तर स्वतःच्या पत्त्यावरचा आकडाही मिळेल. डबा झाडापासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवा, आणि साडेआठला मोजून रिकामा करा.